पॉलिश कशाने करणार, हे आधी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एकाच पानावर दात स्वच्छ करून देण्याच्या तीन जाहिराती होत्या. लग्नसराई तोंडावर आहे, तेव्हा त्या असणारच. तिन्हींत ‘पॉलिशिंग मोफत’ असं ठळक अक्षरात छापलं होतं. पॉलिश कशाने करणार, याचा मात्र एकीतही उल्लेख नव्हता. हे पत्र त्या एका शब्दासाठी लिहिते आहे.

माझं वय सत्तावन्न. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आमचं चांदीच्या भांड्यांना उजाळा देण्याचं छोटं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. गेली तीस वर्षं मी गल्ल्यावर बसते आणि गरज पडली की पॉलिशच्या मोटारीवरही. गिऱ्हाईक तबक घेऊन आलं की आम्ही ते आधी पालथं करतो, काठ उजेडात धरतो, वजन हातात घेतो. निखळ चांदी आहे, की पितळेवर चांदीचा मुलामा? निखळ असेल तर मोटारीवर घालायचं. मुलामा असेल तर रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायचं आणि तिथेच थांबायचं. दुकानात नवीन असताना मी एका निरांजनाचा काठ न बघता ते बफवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या कापडी चाकावर, धरलं होतं. अर्ध्या मिनिटात काठाला पिवळं पितळ दिसायला लागलं. सासरे रागावले नाहीत, त्यांनी ते निरांजन फक्त माझ्या हातात ठेवलं. गेलेला मुलामा पुन्हा चढवता येतो, म्हणून त्या गिऱ्हाइकाचं आम्ही भरून दिलं. दाताचं आवरण मात्र एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्या तोंडातून कळलं.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. नाशिकची थंडी वाचकांना सांगायला नको. सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला आलं की चूळ भरतानाच कळ थेट कानशिलात जायची. उजवीकडचा सुळा आणि त्यामागचे दोन दात जास्त शिवशिवायचे. त्यात खालच्या दातांच्या आतून चहाचे तपकिरी डाग पडलेले. भाचीचा साखरपुडा होता, म्हणून म्हटलं एकदा दात साफ करून घ्यावेत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली मंडळी वाईट नव्हती, पण फार घाईत होती. ‘मला थंड लागतं’ असं मी काउंटरवरही सांगितलं आणि खुर्चीत बसल्यावरही. ‘थोडं सगळ्यांनाच लागतं, मावशी’ एवढंच उत्तर मिळालं. आधी कीटण काढलं. मग एका नळीतून पाणी, हवा आणि पावडर यांचा फवारा सगळ्या दातांवरून सरसकट फिरवला, मुळाकडच्या भागावरूनसुद्धा. तोंडभर खारट चव आली. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे, हे कोणी विचारलं नाही. हे सांगायचं असतं, हे मलाही माहीत नव्हतं.

साखरपुड्यात माझे दात छान दिसले. पुढचे तीन आठवडे मात्र मी माठातलं पाणी कोमट करून प्यायले. गार वारा तोंडात जाऊ नये म्हणून गाडीवर मागे बसले की पदर तोंडावर धरायची.

पंचवटीकडच्या दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या हातात छोटा आरसा दिला आणि डोक्यावरचा दिवा सुळ्यावर आणला. हिरडी खाली-वर झाली की काय होतं, ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दाताचा वरचा भाग पांढुरका, चकचकीत. त्याच्या आणि हिरडीच्या मधे दोन-अडीच मिलिमीटरची पिवळसर, मंद पट्टी. आणि त्या पट्टीत आडवी खाच, नखाला लागेल अशी. त्यांनी हवेचा हलका झोत त्या खाचेवर सोडला आणि मी खुर्चीत दचकले. ‘हीच ती जागा,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. चावायच्या टोकाशी तो दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि हिरडीकडे येता येता कागदासारखा पातळ होऊन संपतो. त्याखाली मुळावर सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो, तोही सहज झिजतो. त्याच्या आत डेंटिन. हे डेंटिन भरीव नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, आणि त्या आत नसेपर्यंत गेलेल्या असतात. नळ्यांत द्रव असतो. गार पाणी, गोड, आंबट किंवा नुसता वारा लागला की तो द्रव हलतो आणि नस सणकते. १९६०च्या दशकात स्वीडनच्या ब्रॅन्स्ट्रॉम या दंतसंशोधकांनी हे मांडलं आणि आजही दंतवैद्य तेच धरून चालतात. म्हणजे शिवशिवणारा दात हा मुलामा गेलेला काठ आहे. त्यावर मोटार चालवायची की रिठा लावायचा, हाच प्रश्न.

न्यायाने बोलायचं तर पहिल्या दवाखान्याला सगळा दोष देता येत नाही. जुनं कीटण निघालं की त्याखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं आणि काही दिवस ठणकतं, हे नवीन बाईंनीच सांगितलं. आपल्याकडे ‘दात साफ केले की ढिले होतात’ असं म्हणतात ना, त्याचं मूळही इथेच आहे. कीटणाने हाड आधीच खाल्लेलं असतं, वरचा टेकू गेला की ते कळतं एवढंच. तेव्हा कोणी माझं पत्र वाचून कीटण काढायचं टाळू नका. कीटण काढणं गरजेचं आहे. पॉलिश हे त्याच्या नंतरचं काम, आणि त्यात निवड करायला जागा आहे.

सगळ्यात जुनी आणि सगळीकडे मिळणारी पद्धत म्हणजे रबरी कप. हळू फिरणाऱ्या यंत्राच्या टोकाला पेल्यासारखा रबराचा तुकडा आणि त्यात पेस्ट. या पेस्टमध्ये बहुधा प्युमिस असतं, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या दगडाची पूड. कठीणपणाच्या मोहस मापावर प्युमिस साधारण ६, इनॅमल ५ आणि डेंटिन ३च्या आसपास. धंद्यातल्या माणसाला एवढं पुरे. सहाच्या पुडीने तीनच्या पृष्ठभागावर घासलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पेस्ट जाड, मध्यम, बारीक अशा मिळतात, पण एका कंपनीची ‘मध्यम’ ती दुसरीची ‘मध्यम’ असेलच असं नाही. त्यासाठी एकच ठरलेलं माप नाही. आमच्याकडेही प्रत्येक व्यापाऱ्याची बारीक पूड वेगळी निघते, म्हणून आम्ही ती आधी अंगठ्यावर चोळून बघतो. रबरी कप चांगला की वाईट हे हातावर ठरतं. वेग कमी, दाब हलका, पेस्ट ओली आणि एका दातावर दोन-चार सेकंद, तर त्रास होत नाही. कोरड्या पेस्टने रेटून फिरवला की दात तापतो. बफवर धरलेला तांब्या हाताला चटका देतो, तसंच.

दुसरी पद्धत फवाऱ्याची, आणि इथेच लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. यंत्र एकच दिसतं, आतली पावडर वेगवेगळी असू शकते. जुनी पावडर सोडियम बायकार्बोनेटची, म्हणजे जात खायच्या सोड्याचीच. सोडा तसा मऊ, पण त्याचे कण टोकदार असतात आणि हवेच्या दाबाने आदळतात. धडधाकट इनॅमलवरचे तंबाखूचे, चहाचे जाड डाग तो भराभर काढतो, तिथे त्याला नाव ठेवायला जागा नाही. उघड्या मुळावर मात्र तो झीज करतो. शिवाय ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी तो टाळायचा असतो. माझ्या तोंडात आलेला खारटपणा याचाच होता.

नवीन पावडरी दोन. एक ग्लायसीनची, हे प्रथिनांत असणारं एक अमिनो आम्ल. कण साधारण २५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरी एरिथ्रिटॉलची, ही साखरेच्या जातीतली गोडसर वस्तू, कण साधारण १४ मायक्रॉनचे. द्राक्षांतही एरिथ्रिटॉल थोडं निसर्गतःच असतं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा नाशिककर म्हणून मला उगाचच बरं वाटलं. या दोन्ही पावडरी पाण्यात विरघळतात, बारीक आणि मऊ असतात, आणि उघड्या मुळावर, हिरडीच्या कडेला, हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर, म्हणजे इम्प्लांटवरही वापरता येतात. काही यंत्रांत पाणी कोमट करायची सोय असते. शिवशिवणाऱ्या माणसाला ते कोमट पाणी म्हणजे काय सुख असतं, ते मी सांगते. मात्र या मऊ पावडरी घट्ट कीटण काढत नाहीत आणि जुना काळा डाग निघायला वेळ घेतात. दमेकऱ्याने कुठलाही फवारा घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ॲल्युमिनियमच्या क्षाराची एक पावडरही असते. ती डेंटिनवर चालत नाही. तिच्याबद्दल एवढं पुरे.

शिवाय कळ शमवणाऱ्या वस्तूही पॉलिशमध्येच मिळतात. आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेली पेस्ट रबरी कपाने लावली की ती त्या बारीक नळ्यांची तोंडं बुजवते. कीटण काढण्याच्या आधी लावली तर खुर्चीतला त्रासही कमी होतो. ती आपल्याला लागेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

मला स्वतःला काय केलं ते लिहिते, कारण वाचकाला तेच उपयोगी पडेल. बाईंनी आधी सहा-सात गोष्टी विचारल्या. कुठल्या दाताला कळ येते, गार-गरम-गोड यांतलं काय लागतं, किती वेळ टिकतं, रक्तदाब, दमा, चालू औषधं, ब्रश कसा करता. कळ मिनिट-मिनिट टिकत असेल किंवा रात्री आपोआप उठत असेल तर दात आतून किडलेला किंवा चिरलेला असू शकतो, तिथे पॉलिशचा विचारच करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. माझी कळ क्षणात जात होती. मग त्यांनी कीटण फक्त होतं तिथलं काढलं, तेही यंत्राची ताकद कमी ठेवून. हिरडीच्या कडेने ग्लायसीनचा फवारा. चहाचे डाग असलेल्या खालच्या चार दातांना आतून रबरी कप आणि बारीक पेस्ट. बाकीच्या दातांना पॉलिश केलंच नाही. मी विचारलं, ‘पैसे तर पूर्ण घेता, मग सगळे का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘ज्यांच्यावर डाग नाही त्यांना घासून काय मिळवायचं? डाग पॉलिशने जातो, हिरडीचा आजार जात नाही.’ निवडून पॉलिश करायची ही रीत दंतवैद्यकात जुनीच आहे. शेवटी मुळांवर फ्लोराइडचं वॉर्निश लावलं, चिकट, पिवळसर. त्या रात्री ब्रश करायचा नाही आणि काही तास गरम व कडक खायचं नाही, एवढंच पथ्य.

घरी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट दिली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मी आधी अशीच पेस्ट चार दिवस वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडली होती. शिवाय घासून झाल्यावर मी तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरत असे. पेस्ट थुंकायची आणि थांबायचं, हे पन्नास वर्षांच्या सवयीविरुद्ध होतं. ब्रशही मऊ घेतला आणि आडवा करवतीसारखा चालवायचा बंद केला. ती खाच मीच घातली होती, कडक ब्रशने.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. आम्ही पितळेची भांडी चिंचेने उजळवतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते काळपटपणा खातं. द्राक्षातही तेच आम्ल. निफाड-दिंडोरीकडे माझी नणंद आहे. हंगामात बागेत आणि पॅकहाउसमध्ये बायका दिवसभर मणी तोंडात टाकत असतात आणि संध्याकाळी दात आंबले म्हणून लगेच मंजनाने किंवा राखेने खसाखसा घासतात. आंबटाने इनॅमल वरून मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच घासलं तर झीज जास्त होते. पाण्याने चूळ भरावी, निदान अर्धा तास थांबावं. आणि ज्यांचा हंगाम चालू आहे त्यांनी पॉलिश हंगामानंतरच करून घ्यावं, हे माझं मत आहे.

मिश्रीबद्दलही बोलायला हवं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत मिश्री लावत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड, दात स्वच्छ होतात म्हणून लावायची आणि मग सुटत नाही. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? मिश्रीच्या डागांसाठी बायका जाड पेस्टचं पॉलिश मागतात, डाग जातो, मिश्री चालू राहते, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दरवेळी मुळाचा थर थोडा थोडा जातो. आणि मिश्रीचा धोका दाताच्या रंगापुरता नाही, तोंडाच्या कर्करोगाचा आहे. डॉक्टरांनी डाग काढताना हे तोंडावर सांगावं. सासूबाईंना कोणी सांगितलं नाही, आम्हीही नाही.

सगळ्याच दवाखान्यांत महागडं फवाऱ्याचं यंत्र असणार नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या वाचकाने त्यासाठी नाशिकला खेपा घालाव्यात, असं मला मुळीच म्हणायचं नाही. साधा रबरी कप, बारीक पेस्ट, हलका हात आणि उघडं मूळ वगळायची समज, एवढ्यात शिवशिवणाऱ्या दाताचं काम नीट होतं. मला यंत्रापेक्षा विचारपूस हवी आहे.

म्हणून दवाखान्यांना माझी विनंती आहे की ‘पॉलिशिंग’ असा एक शब्द पावतीवर लिहू नका. रबरी कप की फवारा, आणि फवारा असेल तर पावडर कुठली, ते मराठीत लिहा. आमच्या पावतीवर आम्ही चांदीचं वजन आणि टंच लिहितो, कारण गिऱ्हाइकाला ते समजून घ्यायचा हक्क आहे. शिबिरांत तर हे अधिकच हवं. गेल्या वर्षी आमच्याच भागात मंगल कार्यालयात मोफत शिबिर झालं. एका तासात मोजून बावीस जण खुर्चीवरून उठले, मी रांगेत होते. कोणालाही रक्तदाब विचारला गेला नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी रांगेतच चार ओळींचा कागद भरून घेतला असता, तर वेळही गेला नसता.

आणि एक मागणी आपल्या शहरातल्या विद्यापीठाकडे. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे म्हसरूळला आहे. राज्यातली कितीतरी दंत महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत, एक तर पंचवटीतच आहे. शिवशिवणाऱ्या दातांच्या रुग्णाने पॉलिशआधी काय सांगायचं आणि काय विचारायचं, याचं मराठीतलं एक पानी पत्रक विद्यापीठाने काढावं आणि महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात, शिबिरांत ठेवावं. ते निघेपर्यंत मी स्वतः एक कागद हाताने लिहून आमच्या दुकानाच्या काचेला आतून लावला आहे. त्यावर पाच ओळी आहेत: माझे अमुक दात शिवशिवतात, मला रक्तदाब किंवा दमा आहे किंवा नाही, पॉलिश कशाने करणार, मुळाचा उघडा भाग वगळणार का, डाग नसलेले दात सोडाल का. तबक घ्यायला आलेल्या दोघी-तिघींनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेला. आपण हे पत्र छापलंत, तर त्या पाच ओळी तेवढ्या चौकटीत द्याव्यात, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
सराफ बाजार परिसर, नाशिक